काचेखालचा रिकामा चौकोन

“बाबा, आमच्या शाळेच्या काचेच्या छताला तुम्ही हलका माल लावलात का?”

भिंगरीने एका दमात विचारून टाकलं आणि लगेच भला मोठा घास तोंडात कोंबला. पैज जिंकली होती. काल शाळा सुटताना चिमणी आणि वकील या तिच्या दोन जिवलग मैत्रिणींनी तिचा रस्ताच अडवला होता. “वक्तृत्वात बक्षीस काय मिळालं, बाईसाहेबांचे पाय जमिनीला लागेनात! एवढी धीट झालीस ना, मग घरी हे विचारून दाखव,” वकील म्हणाली होती. वकीलबाईंशी हुज्जत घालून आजवर कुणीच जिंकलं नव्हतं. विचारीन की, त्यात काय, असं म्हणून भिंगरीने टाळी देऊन टाकली होती.

त्यात काय होतं ते आता कळलं. बाबांचा हात ताटातच थांबला. त्यांनी भिंगरीकडे पाहिलंच नाही, आईकडे पाहिलं. आणि ‘बापाला असं विचारतात का गं?’ म्हणून जिने कडाडायला हवं होतं ती आई नुसती पाण्याच्या भांड्यात बघत बसली.

“कोण म्हणतं असं?” बाबांनी विचारलं.

“सगळेच.”

“मग सगळ्यांना सांग, माल चांगला आहे म्हणून.” एवढं बोलून ते उठले. पानात शीत टाकलेलं ज्यांना खपत नाही ते बाबा अर्धं ताट तसंच टाकून मागच्या शेडमध्ये निघून गेले.

भिंगरीच्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

भानगड अशी होती. सुट्टीत शाळेच्या सभागृहाच्या छताला मधोमध काचेचा मोठा चौकोन बसवला होता. काचेची ती धातूची चौकट भिंगरीच्या बाबांच्या शेडमध्ये तयार झालेली. शाळा उघडली तेव्हा सभागृहात असा काही लख्ख उजेड पडला की भिंगरी आठवडाभर कॉलर ताठ करून फिरत होती. आणि मग थंडी पडली. सकाळच्या प्रार्थनेला सगळ्या मुली दाटीवाटीने उभ्या राहिल्या की वरून टप्, टप्. आभाळात ढग नाही, पावसाचा पत्ता नाही आणि छत गळतंय! कुणाच्या भांगात थेंब, कुणाच्या मानेवर. पहिल्यांदा हसू, मग किंचाळ्या, मग शिपाईमामांची बादली. आता तर मुली त्या काचेखाली उभ्याच राहत नसत. रांगांच्या मधोमध काचेएवढाच एक रिकामा चौकोन पडायचा आणि त्यात बादली एकटीच प्रार्थना म्हणायची.

“तुमचं छत रडतं गं,” चिमणी म्हणायची. “माल खाल्लाय ना कुणीतरी, त्याच्या नावानं.”

भिंगरीने तपास हाती घेतला. आधी तिने चिमणी आणि वकिलावरच संशय घेऊन पाहिला, पण छतावर चढून पाणी ओतण्याएवढं सकाळी लवकर त्या दोघींपैकी कुणी उठणं शक्य नव्हतं. मग बाबा घरात नाहीत असं पाहून ती शेडमध्ये शिरली. शाळेच्या कामातून उरलेले धातूचे तुकडे कोपऱ्यात पडले होते. त्यांची जाडी तिने कॅलिपरने मोजली, भिंतीवरच्या आईच्या नकाशाशी ताडून पाहिली. तंतोतंत. म्हणजे माल खरा होता. मग बाबा ताटावरून उठले कशाला?

आता ‘आईचा नकाशा’ हे जरा सांगायला हवं, कारण ते शाळेत कुणालाच ठाऊक नव्हतं. लग्नाआधी आई एका कचेरीत नकाशे गिरवायची. लग्नानंतर पाहिलं तर नवऱ्याच्या चौकटी मजबूत, पण गळायच्या. एकदा ती वैतागून म्हणाली, “द्या तो कागद इकडे,” आणि तेव्हापासून कागद तिच्याकडेच राहिला. बाबा मापं आणणार, आई चौकट काढणार, बाबा ती कापून, जोडून नेऊन बसवणार. दुकानांवर, पेढ्यांवर, जिन्यांवर तिची कितीतरी छतं होती. त्यातलं एकही तिने पाहिलं नव्हतं. दोघंही कामावर गेली तर शेड कोण बघणार? म्हणून ती मागेच राहायची. लोक बाबांना म्हणत, “काय चौकट काढलीय राव!” बाबा हसून मान हलवत.

त्या संध्याकाळी आई फळ्यापाशी बसून शाळेचाच नकाशा पुन्हा काढत होती. काढायची, खोडायची. खोडरबराचा भुगा मांडीवर साठला होता.

“आई, खरं सांग. काय चुकलंय?”

“ये, बस. दाखवते.” आईने पेन्सिलीचं टोक काचेच्या कडेवर टेकवलं. “हे बघ भिंगरे, उन्हात धातू पसरतो, थंडीत आखडतो. काच तेवढी हलत नाही. त्यामुळे सांधा कितीही घट्ट केला तरी कधी ना कधी केसाएवढी फट पडणारच. तेव्हा पाणी आत येणार, असं धरूनच चौकट काढायची. आलेल्याला बाहेर जायची वाट ठेवायची.”

“पाहुण्यांसारखं?”

“पाहुणे परवडले. ते निदान कळवून येतात.” आई जराशी हसली. “आणि थंडीत तर पाऊससुद्धा लागत नाही. खाली तुम्ही एवढ्या पोरी श्वास सोडता, वर काच गार, तिच्यावर आतून दव धरतं. ते ओघळून या आतल्या पन्हाळीत उतरतं आणि खालच्या पट्टीला ही बारकी भोकं आहेत ना, त्यातून बाहेर जातं.”

“मग आमच्या डोक्यावर काय पडतं?”

“तेच. पन्हाळ भरून वाहतेय. उतार कमी धरला असणार मी.”

“भोकं बुजली असतील!”

“ते मी पहिल्याच दिवशी विचारलं. बाबा म्हणाले, मोकळी आहेत.” आईने कागद फळ्यावरून सोडवला. “दवाखान्याच्या ओसरीचं काम आलंय. आजारी माणसं खाली बसणार. त्यांच्या अंगावर पाणी पडलं तर? नको गं बाई. मी सांगून टाकलंय बाबांना, यापुढे नकाशे दुसऱ्या कुणाकडून करून घ्या.”

“म्हणजे तू काढणारच नाहीस? कधीच?”

आईने पेन्सिली डब्यात भरल्या. एकेक करून, टोकं एका बाजूला. मग डब्याचं झाकण दाबून बसवलं.

भिंगरीला त्या रात्री काही सुचेना. आई चुकली असेल? जिला सरळ रेघ काढायला पट्टीसुद्धा लागत नाही ती आई? आणि तसं असेल तर बाबा का चोरासारखे वागतात? आई नकाशा खोडत असली की ते त्या खोलीतून जातच नाहीत, अंगणातून वळसा घालतात. हे तिच्या आत्ताआत्ता लक्षात आलं होतं.

रविवारी सकाळी बाबांनी शिडी खांद्यावर घेतली. “एका दुकानाचं बिजागर बघून येतो,” ते म्हणाले.

बिजागराला एवढी मोठी शिडी? भिंगरीने चप्पल अडकवली. “आई, वकिलाकडे चाललेय गं!” असं ओरडून ती सटकली आणि बाबांच्या मागे, चांगलं अंतर ठेवून, भिंतींच्या आडोशाने चालू लागली. बाबा दुकानांच्या रस्त्याला वळलेच नाहीत. सरळ शाळेत गेले.

फाटकाशी शिपाईमामा ऊन खात बसले होते.

“काय गं, रविवारी शाळा? आजारी आहेस का?”

“बाबांचा डबा द्यायचाय, मामा.”

“डबा कुठाय?”

“तोच विसरला, ते सांगायला आले!” असं म्हणून भिंगरी जिन्याने वर पळाली. मामांना याचा अर्थ लागेपर्यंत ती गच्चीवर पोचली होती.

गच्चीपेक्षा सभागृहाचं छत थोडं उंच होतं. बाबा शिडी लावून चौकटीच्या खालच्या कडेपाशी उभे होते. हातात वाकवलेली तार. ते पट्टीच्या एका भोकात तार घालून काहीतरी उकरत होते. एक काळा गोळा सुटला, टप्पकन गच्चीवर पडला आणि त्याच्यामागून पाण्याची बारीक धार लागली. कितीतरी दिवस अडून राहिलेलं पाणी. ते बाबांच्या बाहीवरून कोपरापर्यंत ओघळलं, तरी त्यांनी हात मागे घेतला नाही.

“हे बिजागर आहे का?”

बाबा इतके दचकले की शिडी हलली. “तू? तू इथे काय करतेस?”

“भोकं बुजलीत ना?”

“धूळ जाते. पानं जातात.” बाबांनी पुन्हा तार घातली. “आता मोकळी केली. आता नाही गळायचं.”

भिंगरीने गच्चीवरचा काळा गोळा उचलला. धूळ नव्हती, पान नव्हतं. काचेच्या सांध्यात भरतात ते रबरासारखं सिलिकॉन होतं. एका बाजूने भोकाएवढं लांबट, दुसऱ्या बाजूने चपटं, अंगठ्याने दाबून गुळगुळीत केलेलं. त्या चपट्या भागावर अंगठ्याच्या रेघा उमटल्या होत्या आणि त्या रेघांना कापत एक आडवा चरा गेला होता. बाबांच्या उजव्या अंगठ्यावर पत्रा लागून झालेली तशीच जुनी खूण होती. लहानपणी भिंगरी तिच्यावर पेनाने आगगाडी काढायची.

तिने तो तुकडा बाबांसमोर धरला. वक्तृत्वातलं बक्षीस त्या क्षणी तिच्या काही उपयोगी पडलं नाही.

बाबा शिडीवरून उतरले आणि खालच्या पायरीवर बसले.

“बसवलं त्या दिवशी तुमच्या शाळेच्या मोठ्या बाई वर आल्या होत्या बघायला. म्हणाल्या, पाणी अडवायला छत करता आणि नव्याकोऱ्या कामाला भोकं? सोबतची माणसं हसली. मला सांगता येईना. तुझी आई कशी झरझर सांगते, काच, धातू, दव. माझ्या तोंडून एक शब्द निघेना. बाई म्हणाल्या, आताच्या आता बुजवा. बुजवली. म्हटलं, एवढ्यानं काय होतंय.”

“आणि आईनं विचारलं तेव्हा?”

“तेव्हा...” बाबांनी ओल्या बाहीकडे पाहिलं. “तिला काय सांगू? तू काढलंस ते मला दोन माणसांपुढे सांगता आलं नाही म्हणून? पुढे गळायला लागलं, तेव्हा तर जीभच उचलेना. जाऊ दे आता. काम झालं.”

“झालं कसं? ती समजते तिचं चुकलं. तिनं डबा बंद केलाय, बाबा!”

“मी सांगतो ना, उतार जरा सुधारला म्हणून.”

“म्हणजे चुकलं तिचंच!”

उरलेली भोकं त्यांनी खाली मान घालून मोकळी केली. भिंगरीने सगळे तुकडे ओढणीच्या टोकात बांधले. घरी जाताना शिडीचं पुढचं टोक बाबांच्या खांद्यावर आणि मागचं भिंगरीच्या.

घरी आईने नकाशाचा फळा भिंतीवरून उतरवला होता. कपाटामागे जाईल का ते ती पाहत होती. बाबांची ओली बाही तिने लगेच हेरली.

“शाळेत गेला होतात?”

“हो. झालं काम. आता नाही गळणार.”

“काय निघालं?”

बाबांनी शिडी भिंतीला टेकवली. भिंगरी त्यांच्याकडे बघत राहिली. तिने मनातल्या मनात कितीतरी वेळा ‘बोला, बोला’ म्हटलं.

“उतार का?” आईनेच विचारलं. आवाज अगदी साधा होता, जणू उत्तर तिला माहीतच होतं. “वाटलंच होतं मला.”

बाबांचे ओठ हलले. “हं,” एवढाच आवाज आला.

भिंगरीने ओढणीची गाठ सोडली आणि ते काळे तुकडे आईच्या रिकाम्या टेबलावर ठेवले.

आईने एक तुकडा उचलला. उजेडाकडे वळवला. बराच वेळ ती त्या चपट्या भागाकडे बघत होती. मग तिने बाबांचा उजवा हात धरला, अंगठा वर केला आणि तो तुकडा अलगद त्याच्यावर बसवून पाहिला. चरा चऱ्यावर बसला.

“अहो,” ती म्हणाली, “मी आठवडेच्या आठवडे खोडत बसले होते.”

“माहीत आहे.”

“तुम्ही बघत होता.”

“बघवत नव्हतं. म्हणून तर...” बाबांनी मान खाली घातली. त्यांनी हात सोडवून मात्र घेतला नाही.

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. आईने तो तुकडा टेबलावर ठेवला आणि खुर्चीत बसली. ती रागावली आहे की तिला हायसं वाटलंय, ते भिंगरीला कळेना.

“मोठ्या बाई उद्या ती भोकं पुन्हा बघतील,” शेवटी बाबा म्हणाले. “पुन्हा म्हणतील, बुजवा.”

“मग सांगा त्यांना.”

“मला जमत नाही गं. तुला माहीत आहे.”

फळा अजून कपाटाला टेकून उभा होता, धड भिंतीवर नाही, धड मागे नाही. भिंगरीने तो उचलला, जड होता, तरी उचलला आणि भिंतीवरच्या खिळ्याला अडकवला. जरा तिरका बसला. मग ती वळली आणि बक्षीस मिळालं त्या दिवशी उभी राहिली होती तशी ताठ उभी राहिली.

“मी ठरवलंय,” ती म्हणाली. “उद्या आई माझ्याबरोबर शाळेत येणार. मोठ्या बाईंना भोकांचं आई सांगेल, आणि ती कुणी बुजवली ते बाबा सांगतील, तेवढं जमेल त्यांना. शेड एक दिवस बंद राहिली तर काही आभाळ कोसळत नाही. पण आधी प्रार्थना. शिपाईमामांची बादली मी स्वतः उचलणार, आणि त्या रिकाम्या चौकोनात आम्ही दोघी उभ्या राहणार. आई, तू वर तुझं छत बघ. बाकी कुणी बघो न बघो.”