शेवाळी भिंतीवरचा डाग

गंगापूर रोडवरचा हा जुना फ्लॅट घेतला तेव्हाच मी ठरवलं होतं, भडक काही नको. हॉलला शेवाळी, बेडरूमला ओल्या मातीचा, असे डोळ्यांना गार वाटणारे रंग. आमच्याआधी इथे घोटेकर आजी एकट्या राहायच्या. जेवण झालं की त्या हॉलच्या खिडकीजवळ भिंतीला डोकं टेकून बसायच्या, आणि तशाच बसल्या बसल्या गेल्या. त्यांच्या डोक्याच्या तेलाचा काळपट डाग तेवढा भिंतीवर उरला होता.

पेंटरने डाग घासला, प्रायमर मारला, वर शेवाळी रंग दिला. आठवड्याभरात डाग पुन्हा वर आला. परत घासला, परत आला, माक्याच्या तेलाच्या वासासकट. माझं डोकंच फिरलं. एवढा हौसेने निवडलेला रंग, आणि मधोमध हे!

"आजी, घर आता माझं आहे," मी भिंतीला ठणकावलं.

यावेळी डाग आला तो वीतभर खाली.

"बघ, आता इथे!" मी हर्षलला, माझ्या नवऱ्याला, ओरडून दाखवलं.

तो माझ्याकडे बघतच राहिला. "अगं, जेवण झालं की रोज तूच तिथे डोकं टेकून बसतेस. रंग टिकेल कसा?"

"मी? काहीतरीच काय!"

केसांना मी कधीच तेल लावत नाही. सकाळीच शॅम्पू केला होता. तरी हात डोक्यामागे नेला.

बोटं तेलाने माखली.