दुसरा कागद

"हा कागद इथं चालत नाही, बाई." डॉक्टरांनी कुलमुखत्यारपत्र दानेश्वरीच्या हातात परत दिलं. "यावर तुम्ही त्यांचे बँकेचे व्यवहार करू शकता, फ्लॅट विकू शकता. उपचार थांबवा म्हणू शकत नाही. त्यांचं रक्ताचं कुणी आहे का?"

काचेपलीकडे, अतिदक्षता विभागात मथुराबाई होत्या; बऱ्या होण्याची आशा उरली नव्हती. घशात नळी, आणि ती उपसू नये म्हणून दोन्ही मनगटं पट्टीनं खाटेला बांधलेली. तीस वर्षं नर्स म्हणून त्यांनी स्वतः अशा पट्ट्या बांधल्या होत्या. "मला असं बांधू देऊ नकोस गं," जुळे सोलापूरच्या फ्लॅटमध्ये दोघी एकत्र राहायला लागल्यापासून त्या कितीदा म्हणाल्या होत्या. दोघी निवृत्त, दोघी एकट्या. दानेश्वरी शाळेत क्लार्क होती. बँकेचा कागद झाला त्याच दिवशी वकील म्हणाले होते, "आजारपणाचा वेगळा करावा लागतो, आत्ताच करून टाका." मथुराबाई तयारच होत्या. दानेश्वरीच म्हणाली, "आज अमावास्या आहे. कशाला अभद्र? पुढं बघू की."

ते राहूनच गेलं.

माढ्याहून मथुराबाईंच्या भावाचा मुलगा शिवराज आला. भला माणूस. आल्या आल्या काचेला कपाळ टेकून रडला. मग दानेश्वरीकडे वळला.

"मावशी, मशीन काढा असं मी कसं म्हनू? आत्यानंच शिकिवलंय मला."

"तिचीच इच्छा होती, शिवराज."

"लिवलंय का कुटं?"



एकोणीस दिवस. रोज अकराला आत सोडायचे. मथुराबाई डोळे उघडून तिच्याकडे बघायच्या. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. नुसती वाट पाहणं होतं, ड्यूटी बदलायला येणाऱ्या नर्सची पाहावी तसं. विसाव्या दिवशी सकाळी त्या गेल्या.

नजर मात्र फ्लॅटमध्ये राहिली. दूध तापवताना, कुकरच्या शिट्ट्या मोजताना ती दानेश्वरीच्या पाठीवर असायची. "अमावास्या होती गं," ती रिकाम्या खोलीत मोठ्यानं म्हणायची.

दिवाळीनंतर ती वकिलांकडे गेली आणि स्वतःसाठी तो दुसरा, आजारपणाचा कागद करायला घेतला. आपल्या वतीनं बोलणारा म्हणून तिनं नाव सांगितलं शिवराजचं, आणि त्याला बोलावून घेतलं.

त्यानं कागद वाचला. हात मागं घेतला.

"मला न्हाय जमायचं, मावशी. तुमच्याकडं बी भाचे-पुतणे असतील की."

"आहेत. त्यांनी काही पाहिलेलं नाही."

 शिवराज म्हणाला, "मला आत्याचे हात दिसत्यात. उसाची मोळी बांधाय घेतली, की हात थांबतो बघा."

"म्हणूनच तू."

वकिलांनी पेन पुढं केलं. शिवराजनं तळहात पँटला पुसला आणि तो सहीचं एकेक अक्षर जपून लिहायला लागला. कागद सरकू नये म्हणून दानेश्वरीनं तो कडेनं धरून ठेवला.