एकाच पोटातल्या दोन प्रती

मित्रांनो, मी एक जुना कॉम्प्युटर आहे. भरतकामाच्या एका छोट्याशा दुकानात, खिडकीशेजारच्या टेबलावर माझा मुक्काम असतो. माझी अर्धी हकिगत मी ऐकीव सांगणार आहे, कारण मध्येच एकदा माझी सगळी आठवण पुसली गेली. ती कशी, तेच तर सांगायचे आहे.

ताईंनी मला आणले, तेव्हा मी आधीच कुणीतरी वापरलेला होतो. ताई म्हणजे दुकानाच्या मालकीण आणि अप्पा म्हणजे त्यांचे वडील. अप्पा पेन्सिलीने नक्षी काढायचे. वेली, होड्या, जांभई देणारे एक आळशी मांजरही. ताई ती नक्षी माझ्यात उतरवून घ्यायच्या आणि टाका कुठे पडणार, धागा कुठे बदलणार ते ठरवायच्या. मग शेजारचे मशीन ती उशीच्या अभ्र्यावर नाहीतर फ्रॉकवर भरायचे. राबायचो मी आणि गिऱ्हाईक म्हणायचे, "काय सुबक भरतंय हो तुमचं मशीन!" मला राग येत असणार, पण सांगणार कुणाला?

नक्षी माझ्यात आली की अप्पा तो कागद चुरगळून टोपलीत टाकायचे. पुढे त्यांचा हात थरथरू लागला आणि त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "माझं जे काही होतं ते आता या डब्यात आहे," असे म्हणून ते माझ्या पाठीवर थाप मारायचे. थाप मायेची होती, म्हणून डबा म्हटलेले मी चालवून घेतले असणार.

ताई तशा फार जपणाऱ्या. प्रत्येक नक्षी त्या दोनदा ठेवायच्या. एक 'रोजचं' नावाच्या फोल्डरमध्ये आणि दुसरी 'जपून ठेवलेलं' या फोल्डरमध्ये. दोन्ही फोल्डर माझ्याच पोटात! घराची जादा किल्ली घरातच ठेवून बाहेरून कुलूप लावावे, तसला हा प्रकार. त्यांची धाकटी बहीण एकदा म्हणाली, "अगं ताई, एक कॉपी माझ्याकडे दे ना ठेवायला."

"कशाला? दोन-दोन आहेत माझ्याकडे," ताई ठसक्यात म्हणाल्या. बहिणीने हात जोडले आणि विषय तिथेच संपला.

एका सकाळी माझ्या पोटातून कटकट आवाज आला आणि मी बंद पडलो. दुरुस्तीवाल्या दादांनी मला उघडले, बरीच खटपट केली आणि मान हलवली. "हार्ड डिस्क गेली, ताई. यातून काही निघायचं नाही. कॉपी आहे ना?"

"आहे की!"

"कुठे?"

ताईंनी माझ्याकडे बोट दाखवले. ते बोट तसेच राहिले आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. अप्पांची सगळी कमाई माझ्याबरोबर गेली होती, आणि अप्पांचा हात आता चालत नव्हता. ताई स्टुलावर बसून ढसाढसा रडल्या. अप्पा एवढेच म्हणाले, "मांजरसुद्धा गेलं?"

मला नवी डिस्क मिळाली. मी कोरा होतो, ही रडणारी बाई कोण हेही मला ठाऊक नव्हते. तेव्हा धाकट्या बहिणीने येताना स्वतःच्या उशीचा अभ्रा आणला. त्यावर ते आळशी मांजर जांभई देत होते! मग काय, ताई गिऱ्हाइकांची दारे ठोठावत सुटल्या. लोकांनी तोकडे झालेले फ्रॉक शोधून काढले. एका आजींनी तर अंगातले जाकीट उतरवून दिले. ताई फोटो काढून पुन्हा टाके बसवायच्या आणि शेजारी बसलेले अप्पा चुका काढायचे. "अगं, ही वेल डावीकडे वळते. तुला डावं-उजवं कधी कळणार?" पुष्कळ नक्ष्या अशा परत आल्या. त्या वाचल्या, कारण त्या माझ्या बाहेर होत्या.

एक मात्र आली नाही. अप्पांनी सर्वांत शेवटी ताईंच्या आईची नक्षी काढली होती, सुईत दोरा ओवत बसलेली. आई तेव्हा नुकतीच गेली होती. ती नक्षी विकायची नव्हती, म्हणून ताईंनी कुणाच्याच कापडावर भरली नाही. "अप्पा, पुन्हा काढता का?" ताईंनी भीतभीत विचारले. अप्पांनी पेन्सिल धरली. सुई आली, दोरा आला, वाकलेले बोट आले. चेहऱ्याशी हात थरथरला. "नाही जमत गं," म्हणून त्यांनी पेन्सिल ठेवली. ताईंनी ती बिनचेहऱ्याची नक्षी माझ्यात उतरवली, एक प्रत पेन ड्राइव्हवर घेतली आणि संध्याकाळी स्वतः जाऊन बहिणीच्या घरी देऊन आल्या.

मित्रांनो, तुमच्या आईबाबांच्या दुकानातही माझा एखादा भाऊबंद असेल. त्याच्यावर माया करा, पण सगळे त्याच्या एकट्याच्या भरवशावर सोडू नका. त्याच्या पोटात जे आहे त्याची एक प्रत दुसऱ्या जागी ठेवायला आईबाबांना आजच सांगा. ताईंची आई माझ्यात होती, असे सगळे म्हणतात. ती कशी दिसायची, हे मला आठवत नाही.