एकशे बाराव्या पानावरची कडी

कादंबरी चांगली आहे, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर सख्ख्या भावाच्या पुस्तकाला बहीण नाकं मुरडते, असं म्हणायला लोक मोकळे. तीत एका पुस्तकांच्या दुकानाची आणि ते चालवणाऱ्या घराची गोष्ट आहे, म्हणजे आमचीच. पहिल्याच पानावर पुस्तकांचा वास दरवळतो आणि वाचक त्यावर फिदा आहेत. आमच्या दुकानाला वास यायचा तो खळीचा, डांबरगोळ्यांचा आणि उंदरांचा. पण धाकटा दुकानात बसला कधी, की त्याला कळावं? कादंबरीतला दुकानदार गिऱ्हाइकाला दोन ओळी वाचून दाखवतो, मग पुस्तक देतो. बाबांनी उभ्या जन्मात असं केलं नाही. ते आधी पुस्तकाची शिवण बघायचे, मग गिऱ्हाइकाचं तोंड, आणि म्हणायचे, "हे तुम्हाला झेपायचं नाही." गिऱ्हाईक इरेला पेटून ते घेऊन जायचं.

असल्या चुका मी माफ केल्या असत्या. कादंबरीतल्या दुकानदाराला एकच मुलगा आहे, मी त्यात नाहीच, हेही गिळलं असतं. पण एकशे बाराव्या पानावर तो दुकानदार आपल्या भ्रमिष्ट बायकोला मागच्या गोदामात कोंडतो, बाहेरून कडी लावतो आणि शांतपणे गल्ल्यावर येऊन बसतो. तीन तासांनी दार उघडतं तेव्हा ती मेलेली असते.

आई तशीच गेली. फक्त कडी बाबांनी लावली नव्हती. मी लावली होती.

आई विसरायला लागली होती. आधी चष्मा, मग शेगडी बंद करायला, मग आम्हाला. एकच गोष्ट ती विसरली नव्हती, कुठलं पुस्तक कुठल्या फळीवरचं ते. त्यामुळे दुकानात आली की गिऱ्हाइकाच्या हातातलं पुस्तक काढून घ्यायची आणि नेऊन जागच्या जागी ठेवायची. ओळखीचे हसायचे. शाळा उघडायच्या आदल्या दिवशी मात्र कुणाला हसायला वेळ नव्हता. बाबा पुस्तकांचे गठ्ठे आणायला दुसऱ्या गावी गेले होते, धाकटा शिकायला लांब होता आणि रांग रस्त्यापर्यंत गेली होती. आईने एका पोरीच्या हातातून गणिताचं पुस्तक ओढलं, तशी पोरगी रडायला लागली. मी आईला दंडाला धरून गोदामात नेलं आणि कडी लावली. दहाच मिनिटं, म्हटलं.

विसरले, असं मी स्वतःला अकरा वर्षं सांगत आले. ते खरं नाही. मध्येच आतून दारावर थापा ऐकू आल्या होत्या. एवढी रांग संपू दे, असं मी मनात म्हटलं. मग थापा थांबल्या आणि मला बरं वाटलं. झोपली असेल, म्हटलं.

दार बाबांनी येऊन उघडलं. आई शिडीखाली पडली होती, मान वाकडी झालेली. वरच्या फळीवर काहीतरी लावायला चढली असणार. बाबा तिच्याजवळ थोडा वेळ बसले, मग उठून माझ्याकडे आले. "कडी मी लावली," म्हणाले. "मी सकाळपासून इथेच होतो. ऐकलंस ना?"

"बाबा, पण—"

"माझी किती वर्षं राहिलीत? तुला पन्नास वर्षं ओझं वाहावं लागेल. गप्प बस."

आणि मी मूग गिळून गप्प बसले. पोलिसांनी अपघात म्हणून लिहून घेतलं. रांगेतल्यांचं लक्ष आपापल्या यादीवर होतं, बाबा दुकानात होते की नव्हते हे कोण सांगणार? धाकट्यालाही बाबांनी तेच सांगितलं. तो त्या दिवसापासून बाबांशी बोलला नाही. मला मात्र दर महिन्याला फोन करायचा. तेव्हा सांगता आलं असतं. दर महिन्याला सांगता आलं असतं. मी भित्री आहे, याला दुसरा शब्द नाही.

कादंबरी छापून आली तशी बाबांनी गल्ल्यावर बसून दोन दिवसांत वाचून काढली. "छपाई बरी आहे," म्हणाले. "बांधणी मात्र वर्षभरात सुटेल." मग त्यांनी पन्नास प्रती मागवल्या आणि दारातल्या टेबलावर रचल्या. मी हात धरला तर म्हणाले, "मागणी आहे. मागणी असलेलं पुस्तक मागे ठेवतात का कधी?" त्यांची स्वतःची प्रत गल्ल्याजवळ असायची. दुपारी गिऱ्हाईक नसलं की ते ती उघडत, पुन्हा पहिल्यापासून.

आणि मग वाचक यायला लागले. परगावचे, पिशव्या अडकवलेले, हळू आवाजात बोलणारे. गोदामाचं दार कुठलं, विचारायचे. कडीचा फोटो काढायचे. बाबा मध्ये येत असले तर बाजूला सरकून उभे राहायचे, फोटो नीट यावा म्हणून. गावातले तर फोटोही काढत नव्हते. तीस वर्षं आमच्याकडून पुस्तकं नेणाऱ्या शाळेच्या बाई समोरच्या फुटपाथवरून जायला लागल्या. केस कापणाऱ्याने बाबांना दोनदा "आज गर्दी आहे" म्हणून परत पाठवलं, आणि तिसऱ्यांदा बाबा गेलेच नाहीत. मी घरी कात्रीने त्यांचे केस कापले. मानेवरचे केस पांढरे आणि फार मऊ होते. तेव्हा ठरवलं, आता बास. हा माणूस जिवंत आहे तोवर सांगायचं, चारचौघांत सांगायचं.

चारचौघे लवकरच जमले. गावच्या वाचनालयात धाकट्याची मुलाखत ठेवली होती, रविवारी सकाळी. बाबा इस्त्रीचा सदरा घालून आले आणि शेवटच्या रांगेत बसले. मी शेजारी. धाकटा छान बोलला, त्याला ते जमतंच. शेवटी प्रश्न विचारायला सांगितलं, तेव्हा शाळेच्या बाई उभ्या राहिल्या. "मला लेखकाला नाही विचारायचं," त्या म्हणाल्या, मागे न बघता. "मला एवढंच कळत नाही, की असा माणूस पुन्हा रोज दुकान उघडून बसतो कसा."

मी उभी राहिले. "कडी यांनी लावली नव्हती. हे गावातसुद्धा नव्हते. मी लावली. आईच्या थापा मला ऐकू आल्या होत्या आणि मी दार उघडलं नाही."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मला वाटलं, झालं. अकरा वर्षांनी का होईना, झालं.

धाकटा मंचावरून खाली आला. त्याचे डोळे भरले होते. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि लोकांकडे वळला. "ही माझी ताई," म्हणाला. "हिला मी कादंबरीत मुद्दाम घेतलं नाही. हिचं दुःख मला लिहिता आलं नसतं. बापाचा गुन्हासुद्धा पोरी स्वतःच्या अंगावर घेतात, ते आज तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत."

"अरे, मी खरं सांगतेय," मी म्हटलं.

"माहितेय गं, ताई," तो म्हणाला, लहान पोराची समजूत काढावी तसा.

तेवढ्यात बाबा उठले. "ती खोटं बोलतेय," ते खणखणीत आवाजात म्हणाले. "कडी मीच लावली." कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच. कुणासाठी ते मला अजून कळलेलं नाही. शाळेच्या बाई रडत माझ्याकडे आल्या आणि त्यांनी मला पोटाशी धरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शटर उघडून झाडलोट केली आणि बाबांच्या समोर स्टुलावर बसले. "काल तुम्ही मला पुन्हा वाचवलंत," मी म्हटलं. "आता नका वाचवू. मला नाही सोसत."

"वाचवलं कशापासून?" बाबांनी चष्मा काढला. "कडी मीच लावली ना. ती आतून म्हणाली, 'अहो, दिवा तरी राहू द्या.' मी दिवाही बंद केला. अजून ऐकू येतं मला ते."

आईला शेवटच्या वर्षात चार शब्द धड जुळवता येत नव्हते. गोदामात दिवा नव्हताच, छतात एक काच होती. तो दिवा, ते वाक्य, सगळं एकशे बाराव्या पानावरचं होतं.

मी त्यांना सगळं पुन्हा सांगितलं. गठ्ठे, गाडी, रांग, रडणारी पोरगी, थापा. ते दुसऱ्या गावाहून परत आले तेव्हा अंगात कुठला सदरा होता, तेही सांगितलं. "तुम्हीच मला म्हणालात, कडी बाबांनी लावली असं सांग म्हणून. आठवत नाही का, बाबा?" ते नीट ऐकत होते. मधे एकदा त्यांचा चेहरा हलला, आणि मला वाटलं, आलं ध्यानात. मग त्यांनी हात लांब करून माझ्या डोक्यावर ठेवला.

"बापासाठी एवढं कुणी करत नाही गं, पोरी," ते म्हणाले, आणि त्यांना रडू कोसळलं. आई गेली तेव्हाही ते रडले नव्हते.

त्या दिवशी काय झालं हे माझ्याशिवाय फक्त त्यांना माहीत होतं. मला माफ करू शकेल असा जगात तो एकच माणूस होता, आणि तो माझा हात धरून माझे आभार मानत होता.