ढेलची लाथ

“पोचा परत उना, सुपडूभाऊ,” गिरधरभाईंचा गडी नवलसिंग म्हणाला. रागावून गेलेला जावई परत आल्याचं सांगावं, तितक्या शांतपणे.

सुपडू तांबटाने पिशवी खाली ठेवली आणि मोटारीकडे पाहिलं. डाव्या मडगार्डवर नालाएवढा पोचा. कालच त्याने तो काढला होता. बाहेरून ओल्या गोणपाटात गुंडाळलेला लोखंडी गोळा धरायचा, आतून लाकडी मोगरीने टुकटुक करत राहायचं. असा हिरवा रंग नंदुरबारात मिळत नव्हता, धुळ्यातही नव्हता. त्यामुळे रंगाला ओरखडा न पडता पोचा निघाला पाहिजे, असा गिरधरभाईंचा हुकूम होता.

पोचा ढेलचा होता. ढेल म्हणजे गिरधरभाईंची घोडी. दारात मोटार आली म्हणून गेल्या वर्षी सारंगखेड्याच्या यात्रेत त्यांनी तिला विकलं. अंगणातून नेताना ढेलने मागे वळूनही न बघता डाव्या पायाची एक लाथ मोटारीला घातली आणि मुकाट चालू लागली. चैत्रात बातमी आली की ढेल दाण्याला तोंड लावेना, आणि मेली. मोटार मात्र पेट्रोल पिऊन ठणठणीत होती.

आता पुन्हा यात्रा आली. मामलेदारसाहेब या मोटारीतून जाणार होते, आणि मोटारीने घोडीचा मार खाल्लाय हे साहेबांना कळणं गिरधरभाईंना मंजूर नव्हतं.

सुपडूची अडचण निराळी होती. उभ्या जन्मात त्याने हंड्या-कळश्यांचे पोचे काढले, पण काढलेला पोचा कधी परत आला नव्हता. सकाळीच धनुबाई दुरुस्तीला दिलेला हंडा तसाच परत न्यायला आली.

“तुन्हा काढेल पोचा परत येस म्हने. मन्हा घरमा पहिलेच सासू शे, आखो भूत कोठे ठेवू?”

सुपडूने पोच्यावर बोट फिरवलं. रंगाला कुठेही धक्का नव्हता. भुताला रंगाची इतकी काळजी असते हे त्याला नवीन होतं. त्याने इकडेतिकडे पाहिलं. गोठ्याच्या दारावर एक गोणपाट वाळत होतं, मधोमध नालाच्या आकाराची दबलेली खूण.

“तूच करं ना?” त्याने नवलसिंगला जाब विचारला.

नवलसिंगने गोणपाट दारावरून ओढून काखेत मारलं. ढेलला खरारा करण्यात त्याची उमर गेली होती. आता तो मोटार धुवायचा आणि इंजिन गुरगुरलं की “हो, हो” म्हणत तिला थोपटायचा.

“मी करं,” त्याने कबूल केलं.

“रंग कसा नही गया?”

“तुले दखीसन शिकनू.” मग तो हळूच म्हणाला, “ती गयी, भाऊ. तिन्हं आठे आखो काय ऱ्हायनं? तो पोचाच ना?”

मेलेल्या घोडीची शपथ घ्यायला लावून सुपडूने नवलसिंगकडून असं पुढे न करण्याचं वचन घेतलं आणि पोचा पुन्हा काढला.

दुसऱ्या दिवशी पोचा तिथेच होता.

“ढेलनी आन, मी नही!” नवलसिंग ओरडला. त्याने गोठ्यातला ढेलचा जुना नाल आणून पोच्यावर धरला. बसेना. “हाऊ पुढला पायना, गोल शे. पोचा दख, निमुळता. मांगला डावा पायना. तो नाल ती गयी तैपासून सापडनाच नही.”

गोठ्यात कोणी नव्हतं. तरीही दोघांनी एकदा आत डोकावून पाहिलं.

तेवढ्यात गिरधरभाई आले. डोळे तांबारलेले, अंगात रेशमी कोट. कोटाचा उजवा खिसा काहीतरी जड ठेवल्यासारखा खाली ओढला गेला होता. खिशाच्या कापडावर आतल्या लोखंडाचा निमुळता वळसा स्पष्ट उठला होता.

सुपडूची नजर खिशावर गेली. गिरधरभाईंनी त्यावर हात ठेवला.

“काढ परत,” ते म्हणाले.

“काढसू. पन तो परत येई, भाई.”

“येऊ दे.” जरा थांबून ते म्हणाले, “तू बी येत जा.”

साहेब आले ते उजव्या बाजूने चढले आणि उजव्याच बाजूने उतरले. यात्रा पार पडली.

पोचा मात्र येत राहिला आणि सुपडूही येत राहिला. गावातल्या बायका आता हंडे शहाद्याला पाठवू लागल्या. कोणी टोचून विचारलं तर सुपडू एवढंच म्हणे, “घोडी शे ती. ऐकस का?”

आतबाहेर होऊन होऊन त्या जागचा पत्रा पार पातळ झाला. रंग मात्र तसाच होता. गिरधरभाईंनी मोटार सुरू केली की मडगार्डचा तेवढाच तुकडा थरथरे, अंगावरची माशी उडवताना घोडीची कातडी थरथरते तसा.

नवलसिंग तिथे तळहात ठेवून म्हणे, “हो. हो.”