तळ्यातला खुंट

पालघरच्या त्या कॉलेजात पर्यावरण आलं ते सरकारी पाकिटातून, थेट प्राचार्यांच्या टेबलावर. तोवर तिथे नुसती झाडं, चिखल आणि म्हशी होत्या. पर्यावरण कुणी पाहिलं नव्हतं. ऐंशीची सालं निम्मी सरली होती, आणि वरून हुकूम आला होता की प्रत्येक कॉलेजात ते असलंच पाहिजे.

प्राचार्य भगवंतराव मोठे उत्साही गृहस्थ. त्यांनी दुपारच्या चहाच्या आत पर्यावरण मंडळ काढलं. अध्यक्ष झाला मारुती. बाप बोईसरच्या कारखान्यात फोरमन, मूळ गाव साताऱ्याकडचं, आणि आवाज असा की तो भाषणाला उभा राहिला की केळव्यात पाळण्यातली पोरं दचकून उठायची. चिटणीस झाली हंसा, नवापूरच्या दादू तांडेलाची मुलगी. वाटणी सरळ होती. अध्यक्षाने बोलायचं, चिटणीसाने करायचं.

कॉलेजच्या मागे एक तळं होतं. त्यात जलपर्णी एवढी माजली होती की एकदा एक म्हैस चरत चरत या काठावरून त्या काठाला गेली आणि खूर ओला न करता परत आली, असं लोक शपथेवर सांगत. हंसाने चार मैत्रिणी धरल्या, सलवारी गुडघ्यापर्यंत खोचल्या आणि सगळा हिवाळा ती जलपर्णी उपसली. मंडळातली मुलंही मागे नव्हती. ती काठावर उभी राहून घोषणा देत होती.

उन्हाळ्यात त्याच तळ्याचं पाणी बादल्यांनी काढून हंसाने मंडळाच्या रोपांना घातलं. झालं भलतंच. रोपं जगली! फोटो काढून झाल्यावर झाड जगायची पद्धत त्या कॉलेजात नव्हती. पुढच्या वर्षी पाहुण्यांच्या हस्ते लावायचं कुठे, म्हणून शिक्षकांची बैठक बसली. हंसाने मात्र गावाकडून डब्यात आणून मरळ माशाची पिल्लं तळ्यात सोडली. रिकाम्या तासाला ती काठावर बसायची. पिल्लं मोठी होताना बघायची आणि पिंपळपानाएवढी शेपटी पाण्यावर फटकारली गेली की एकटीच हसायची. नवापूरच्या कोळ्यांच्या वाडीतून कॉलेजात येणारी ती पहिलीच मुलगी. वर्गात तिला मासळीचा वास येतो म्हणून बाक सोडणाऱ्या मुली होत्या. तळ्याने कधी नाक मुरडलं नव्हतं.

आणि मग पर्यावरण सप्ताह जवळ आला तसे प्राचार्य सभागृहात उभे राहिले.

"विद्यार्थिमित्रांनो, आनंदाची बातमी! आपल्या कॉलेजात पर्यावरण भवन उभं राहणार आहे. बोईसरचे एक दानशूर शेठ ते बांधून देणार आहेत."

टाळ्या पडल्या. शेठना सगळे ओळखत होते. त्यांच्या कारखान्याच्या नाल्याचं पाणी सोमवारी लाल तर मंगळवारी निळं. त्या नाल्यात पांढरा बगळा उतरला आणि मोर होऊन वर आला, असं वाडीतल्या बायका सांगायच्या. असा माणूस पर्यावरणावर खर्च करणार नाही तर कोण करणार?

"सर, भवन बांधणार कुठे?" हंसाने विचारलं.

"तळ्याच्या जागी. भराव टाकून. भूमिपूजन झालं की दुसऱ्या दिवशी काम सुरू."

"पण सर, तळ्यातलं पाणी? आपली झाडं? मासे?"

प्राचार्य मायेने हसले. "अगं वेडे, पाणी म्हणजे जीवन. हे वाक्य आपण भवनाच्या दर्शनी भिंतीवर कोरणार आहोत. माशांचीही चित्रं काढू."

मारुती उठला आणि अर्धा तास कडाडला. तळं वाचलं पाहिजे, वसुंधरा रडते आहे, आम्ही रक्त सांडू. प्राचार्यांनी त्याला उत्कृष्ट वक्त्याची ढाल दिली. ढाल हातात आल्यावर मारुतीच्या लक्षात आलं की प्रश्नाला दुसरी बाजूही असते.

भरावाचं काम मिळालं होतं कमलाकांतला. हा नवापूरचाच, हंसाच्या वाडीतला. होडी विकून त्याने ट्रक घेतले होते आणि आता तो बुशशर्टाच्या खिशाला दोन पेनं लावून फिरायचा. रविवारी हंसा त्याच्या ओटीवर गेली. कमलाकांतची आई सोजराबाई तिथेच सुके बोंबील निवडत बसली होती.

"कमलाकांतकाका, तेवढं तळं सोडा. दुसरं काम घ्या."

"काय बोलतंस गो पोरी? मुरूम भरून गाड्या उभ्या हायत. तळं माझ्या बापाचं हाय का?"

"माझ्याबी बापाचं नाय."

"मंग झालं तर! ज्याचं कोनाचंच नाय, ते भरायला काय हरकत?"

सोजराबाई बोंबलाचं डोकं मोडत म्हणाली, "आपली जागा असती तर गोष्ट वेगळी. खुंट असता, तर हा हात लावल काय? पाय मोडीन त्याचे."

झालं. बाई बोलून गेली आणि हंसा ओटीवरून उठलीच.

खुंट म्हणजे काय, ते किनाऱ्यावर पोर रांगायला लागलं की शिकतं. समुद्राच्या तळात मोठा लाकडी खांब ठोकायचा, त्याला डोल बांधायची. डोल म्हणजे पिशवीसारखं जाळं. पाण्याची ओढ आली की मासळी आपसूक त्यात शिरते. खुंट ठोकताना नारळ फुटतो, खुंटधन्याचं नाव मोठ्याने पुकारलं जातं, आणि मग ती जागा त्याची. समुद्रावर कुंपण नाही, सातबारा नाही, पण दुसऱ्याच्या खुंटाला कोणी बोट लावत नाही. कमलाकांतच्या चुलत्याने एकदा दारूच्या भरात लावलं होतं. पुढे कित्येक वर्षं त्याच्या जाळ्यात बोंबील सोडा, बोंबलाचा वाससुद्धा आला नाही. घरातली मांजर सातपाटीला निघून गेली ती तिथेच दुसऱ्यांच्या घरात नांदली.

हंसा घरी येऊन बापाला म्हणाली, "बाबा, वाळूत पडलाय तो जुना खुंट मला द्या."

दादू जाळं सांधत होता. "कशाला?"

"कॉलेजच्या तळ्यात ठोकायचाय."

"तळ्यात? तिथं भरती येते काय गो?"

"येनार हाय, बाबा. कमलाकांतकाकाच्या ट्रकातून."

दादूने सुई खाली ठेवली, लेकीकडे पाहिलं आणि एवढा हसला की बाजूच्या घरातलं झोपलेलं म्हातारं मेलं असतं तर उठून बसलं असतं.

सोमवारी हंसा प्राचार्यांसमोर हात जोडून उभी राहिली. "सर, मंडळाची चूक झाली. आम्हाला प्रायश्चित्त घ्यायचंय. भूमिपूजनाला तळ्यात एक खांब उभा करू, त्यावर हिरवा झेंडा लावू. शेठच्या हातून नारळ फोडू. फोटोत फार छान दिसेल."

फोटो म्हटल्यावर प्राचार्यांचे डोळे भरून आले. "आणि खर्च?"

"खांब माझे वडील देणगी देणार आहेत. फक्त माइकवरून त्यांचं आणि माझं नाव घ्या. मोठ्याने."

"घेतो ना! देणगीदाराचं नाव घेणं हा तर माझा छंद आहे."

दादू आणि वाडीतले चार गडी बर्फाच्या टेंपोतून खुंट घेऊन आले आणि छातीभर पाण्यात उतरून त्यांनी तो असा ठोकला की मासवणला विहिरींचं पाणी डुचमळलं. भूमिपूजनाला सगळा गाव लोटला. कमलाकांत ट्रकवाल्या पोरांसह मागे उभा होता, भांग पाडून. एका फळीवरून चालत शेठ खुंटापर्यंत गेले, नारळ फोडला, झेंडा फडकला. प्राचार्यांनी माइक धरला.

"हा खांब नवापूरच्या दादू तांडेल यांचा! यांच्या कन्येच्या नावाने! हंसा दादू तांडेल!"

दुसऱ्या दिवशी ट्रक आले. फाटकातून आत शिरले आणि तळ्याच्या काठावर थांबले. थांबले ते थांबलेच. कमलाकांत खाली उतरला आणि टोपी काढून खुंटाकडे बघत राहिला. ट्रकवाली पोरं, सगळी वाडीतलीच, ती तर खाली उतरेनात.

प्राचार्य धावत आले. "काय झालं? टाका ना भराव!"

"सर, खुंट हाय."

"मग उपटा!"

"कोन उपटल? तुमी उपटा. तुमीच तर नाव पुकारलंत. तेबी भोंग्यातून!"

"अहो, तो झेंड्याचा खांब आहे!"

"शेठनी नारळ फोडला, सर. आमच्यात याला झेंडा नाय म्हनत."

प्राचार्यांनी बोईसरहून बिहारी मजूर आणले. मजुरांच्या मुकादमाने खांबावरचं कुंकू पाहिलं, काठावरच्या नारळाच्या करवंट्या पाहिल्या आणि हात जोडले. "साहब, किसी के देवता को हम हाथ नहीं लगाएंगे. आप कहो तो आपका बंगला उखाड़ देंगे."

दोन दिवस असेच गेले. ट्रक उभे, मुरूम ट्रकात, प्राचार्य फोनवर. तिसऱ्या दिवशी कमलाकांत हंसाला शोधत आला. चेहरा उतरलेला होता, पण डोक्यात काहीतरी शिजलेलं दिसत होतं.

"पोरी, माझं नुकसान होतंय. पन वाडीचा कायदा तो कायदा. फक्त एक सांग, खुंट नुसता ठोकून जागा धरली जाते काय?"

हंसाला उत्तर माहीत होतं.

"डोल लावावी लागते," ती हळूच म्हणाली.

"आनि?"

"पहिल्या पान्याला मासळी लागली पायजे."

"आं! तर मंग उद्या लाव डोल. मी साक्षीला उभा ऱ्हातो. मासळी लागली तर गाड्या फिरवतो, कोनाच्या बापाला भीत नाय. नाय लागली तर खुंट निकामी, आनि दुपारी भराव."

बोलून तो निघून गेला. हंसा तळ्याकडे बघत बसली. समुद्राला ओढ असते. भरती-ओहोटीचं पाणी धावतं म्हणून डोल भरते. तळं बिचारं थाळीतल्या आमटीसारखं गप्प. त्यात डोल लावली तर ती ओल्या धोतरासारखी लोंबकळणार. मरळ तर अशी लबाड की आपल्या पायाने जाळ्यात शिरायला तिला काय मुलगी बघायला जायचंय?

सकाळी तिने बापाची डोल आणून खुंटाला बांधली आणि मंडळाची सभा बोलावली. तीही तळ्याच्या काठावर.

"आज आपण भरती व्हायचंय," हंसा म्हणाली. "सगळ्यांनी त्या काठाने पाण्यात उतरायचं आणि ओळ धरून खुंटाकडे पाणी लोटत यायचं."

मारुतीने आपल्या टेरिलिनच्या पांढऱ्या पँटकडे पाहिलं. "मी अध्यक्ष आहे, हंसा."

"म्हणून तर तुम्ही पुढे."

"माझा विषय वक्तृत्व आहे."

"मग ओरडत चला. मासे घाबरतील."

मुली आधी उतरल्या. मुली उतरल्यावर मुलांना काठावर उभं राहणं जड गेलं. कुणी ड्रॉइंगबोर्ड घेतले, कुणी बाकाच्या फळ्या, कुणी 'निसर्ग आमचा सखा' लिहिलेले पुठ्ठे. मारुती सगळ्यात शेवटी उतरला आणि पाय घसरून सगळ्यात आधी भिजला. मग मात्र त्याने असा आवाज लावला की तळ्यातल्या बेडकांनी बिऱ्हाडं हलवली.

प्राचार्यांनी गॅलरीतून पाहिलं आणि शिपायाला ओरडले, "घंटा द्या! सगळ्यांना वर्गात बोलवा!" घंटा झाली. त्या कॉलेजात घंटा ऐकून आत गेलेला विद्यार्थी तोवर कुणी पाहिला नव्हता. घंटेला बाहेर पडायचं, एवढंच सगळ्यांना ठाऊक. वर्गात उरलेली होती तीही धावत आली आणि धबाधब पाण्यात पडली.

मग पाणी उठलं! पाणी असं उठलं की लाट खुंटावर आपटली आणि डोलीचं तोंड फुगून मोठ्ठं झालं. काठावर कमलाकांत नकळत ओरडला, "ओढ आली! ओढ आली रे!" धंदा विसरून त्याने बुशशर्ट पेनांसकट काढून फेकला आणि हंसाबरोबर डोल ओढायला लागला.

डोल वर आली. एक चप्पल. कुणाचं तरी कंपासपेटीचं झाकण. चिखल. परीक्षेआधी कुणीतरी बुडवलेलं जीवशास्त्राचं पुस्तक. पुन्हा चिखल. हंसाने डोलीचा शेवट उघडला आणि त्यातून काळीभोर, कोपरापर्यंत हात भरेल एवढी मरळ उसळली आणि तिने थेट मारुतीच्या तोंडावर शेपटी मारली.

"लागली!" कमलाकांत म्हणाला.

प्राचार्य हाफत येऊन पोचले. "एक मासा? एका माशासाठी भवन थांबवायचं?"

"एक लागली की जागा धरली, सर. तळं या पोरीचं. आता मुरूम कुठं उतरवू ते सांगा. गाड्या मोकळ्या करायच्या हायत."

प्राचार्य इतके चिडले होते की त्यांनी हात झटकला. "कुठेही टाका! माझ्या डोक्यावर टाका!"

कमलाकांत शब्दाचा पक्का, पण मनाने चांगला. डोक्यावर नाही टाकला. प्राचार्यांच्या बंगल्यासमोर त्यांनी हौसेने केलेलं बॅडमिंटनचं मैदान होतं, तिथे टाकला. भवन पुढे तिथेच झालं.

इकडे हंसा मरळीला पाण्यात सोडायला वाकली, तेवढ्यात कमलाकांतने तिचं मनगट धरलं.

"सोडायची नाय. पहिली मासळी शिजते, तेव्हा खुंट खरा."

"काका, मी हिला पिल्लू असताना आणलीय."

"मंग तुलाच शिजवायला पायजे."

हंसाच्या डोळ्यात पाणी आलं. तळ्याकडे पाहिलं तर आणखी दोन शेपट्या वर येऊन गेल्या. तिने नाक पुसलं आणि कँटीनकडे निघाली. मारुती निथळत मागे आला. "हंसा, हे मंडळाच्या तत्त्वात बसत नाही."

"तुम्ही पंगतीला बसा. तत्त्वाला जागा करू."

मरळ एक आणि तोंडं शंभर. हंसाने पाणी वाढवलं, मिरची वाढवली, चिंच पिळली. ढाल मिळालेल्या वक्त्यापासून मुकादमापर्यंत सगळ्यांच्या वाट्याला थेंब थेंब आला. प्राचार्य पक्के शाकाहारी, घरात कांदासुद्धा नाही. त्यांना तुकडा वाढायचं पाप कोण करणार? हंसाने त्यांना नुसता रस्सा दिला.

त्यांनी तो दोनदा मागून घेतला.