पुढच्या वर्षीच्या कळ्या

सलूनवाल्याने कापलेली फांदी रोपवाटिकेच्या टेबलावर ठेवली आणि हात जोडले.

"डॉक्टरीणबाई, पेशंट आणलाय. खत घातलं, शिव्या घातल्या, तीन वर्षांत दारातल्या या हायड्रेंजियाला एक फूल नाही."

रोपवाटिकेच्या बाईंनी फांदीचं टोक अंगठ्याने चाचपलं.

"हे कापलं कुणी?"

"मीच. महिन्यातून एकदा. गिऱ्हाइकासारखं चापूनचोपून ठेवतो त्याला."

"म्हणजे कळ्याही महिन्यातून एकदा कापता. अहो, याची फुलं आदल्या वर्षीच्या फांदीच्या टोकाला धरतात. फुलं ओसरली की लगेच काय ती छाटणी, मग कात्री बंद. युरियाही नको, नुसती पानं माजतात. सकाळचं ऊन मिळू द्या."

"मग आता कधी?"

"आजपासून हात आवरलात, तर पुढच्या वर्षी."

त्याने फांदी पिशवीत कोंबली.

तिथून तो बायकोला ठेवलं होतं त्या शुश्रूषा केंद्रात गेला. तीन वर्षांपूर्वी, तिला सगळ्याचा विसर पडायला लागल्यावर, इथे आणायच्या दिवशी ती त्या झाडापाशी अडून बसली होती. तेव्हा यानेच थाप मारली होती, "याला फुलं आली की घरी नेतो तुला." पुढे तिच्या डोक्यातून घर गेलं, नवऱ्याचा चेहरा गेला. थाप तेवढी राहिली. आता तो तिच्या लेखी केस कापायला येणारा माणूस होता.

"या दादा," ती म्हणाली.

त्याने तिच्या गळ्याभोवती कापड बांधलं.

"आमच्या दारातलं झाड फुललं की आमचे हे न्यायला येणारेत मला."

दर वेळी तो म्हणायचा, कळी दिसतेय हो ताई. आज कंगवा केसांतच थांबला.

"ते नाही फुलायचं, ताई. कुणीतरी सारखं कापतंय."

ती खळखळून हसली.

"मग हेच ते! हाताला चैन म्हणून नाही यांच्या. मी कात्री लपवून ठेवायचे, तेव्हा कुठे फुलं यायची." तिने मान वळवली. "ओळखता का तुम्ही त्यांना?"

"तोंडओळख आहे."

"मग सांगा, म्हणावं झाडाला हात लावू नका."

"सांगतो. पण वर्षभर थांबायला लागेल, ताई."

"थांबेन की. मला कुठे जायचंय?"

त्याने कात्री खिशात टाकली. मग बराच वेळ तो नुसताच विंचरत होता.